त्या माघात दार अडलं

मी देऊळ बोलतोय. बोलतोय कसला, करकरतोय. लाकडाला आणि दगडाला जेवढं बोलता येतं तेवढंच मला येतं, आणि रोपाधार गावच्या लोकांना ते आजवर कधी धड कळलेलं नाही. मी करकरलो की ते डोक्यावरची टोपी सारखी करतात, हात जोडतात आणि म्हणतात, माता बोलली.

अहो, माता नव्हे, मी. पण ऐकतंय कोण?

मी थाचणी मातेचं घर. गावाच्या डोक्यावर, देवदारांच्या कडेला उभा आहे. माझ्या पायाशी अंगण, अंगणाखाली टिकमीचं घर, त्याखाली बाकीचं गाव, मग सफरचंदाच्या बागा आणि अगदी तळाला नदी. पाठीमागे खिंड आहे. खिंडीपलीकडे दुसरं खोरं. पुढे जे सांगणार आहे त्यात या सगळ्याचा संबंध येतो, म्हणून आधीच सांगून ठेवलं.

माझा जन्म झाला तेव्हा इथे सफरचंद नव्हतं, बटाटासुद्धा नव्हता. मातेचा रथ, म्हणजे तिची पालखी, खांद्यावर घेऊन लोक रानात शिरले आणि ज्या झाडाशी रथ झुकला ते झाड माझं ठरलं. मग अख्ख्या गावाने दोरखंड लावून ओंडके ओढत वर आणले. बायका गाणी म्हणत होत्या आणि पुरुष शिव्या देत होते. खरं सांगायचं तर गाण्यांपेक्षा शिव्याच जास्त होत्या, पण त्या मला गोड लागायच्या. इतकी माणसं आपल्यासाठी घाम गाळताहेत म्हटल्यावर कुणालाही बरंच वाटेल.

मला बांधलं गहरू थावीने. थावी म्हणजे दगड आणि लाकूड, दोन्हीची कामं करणारा माणूस. एक थर देवदाराचा, एक थर दगडाचा, असं त्याने मला चढवत नेलं. चुना नाही, चिखल नाही, लोखंडाचा खिळा नाही. कोपऱ्यात ओंडके एकमेकांत गुंतवलेले, हाताची बोटं गुंफावीत तसे. वर पातळ दगडी पाट्यांचं छप्पर आणि छपराच्या कडेला लाकडी लोलकांची झालर, वारा आला की खुळखुळणारी. आणि या सगळ्याच्या खाली नुसत्या रचलेल्या दगडांचा चौथरा. त्यात फटी होत्या. गहरूच्या पोराने विचारलं, बुजवू का? तर म्हातारा उखडला. म्हणाला, बुजव की, आणि मग बर्फाचं पाणी काय तुझ्या घरातून जाऊ देऊ? त्याचं म्हणणं साधं होतं. पाणी खालून निघून गेलं पाहिजे, वारा खालून खेळला पाहिजे आणि जमीन हलली तर देवळालाही जरा हलता आलं पाहिजे.

एकदा खरंच हलली जमीन. पहाटेची वेळ होती. खाली राजाची चुन्यात बांधलेली हवेली बसली, त्यात माणसं गेली. मी डुललो, करकरलो, डोक्यावरच्या थोड्या पाट्या गमावल्या आणि परत होतो तिथे येऊन उभा राहिलो. गाव म्हणालं, मातेने राखलं. म्हणू दे. गहरूचं नाव तेव्हाच विसरले होते सगळे.

दार माझं बुटकं आहे. मुद्दामच. तहसीलदार आला तरी कमरेत वाकून आत. चौकटीवर नाग कोरलेत, वेली कोरल्यात, आणि फळ्यांवर नवस फेडणाऱ्यांनी ठोकलेली नाणी आहेत. सगळ्यात जुनी कुठल्या राजाची ते आता मलाही आठवत नाही. या दाराचीच ही गोष्ट आहे.

आमच्याकडे माघ संक्रांतीला लागतो आणि त्या दिवशी माता स्वर्गात जाते. जाते म्हणजे जातेच, त्यात कुणाला शंका नाही. तिचा रथ कारदाराच्या, म्हणजे मातेचा सगळा कारभार बघणाऱ्याच्या, घरी नेऊन ठेवतात. टिकमीच्या घरची बाई माझ्या आतल्या जमिनीवर बारीक चाळलेल्या मातीचा लेप देते, मग दार लावतात आणि घंटेच्या लोलकाला लोकर गुंडाळतात. तेव्हापासून माता परत येईपर्यंत गावात आवाज करायचा नाही. कुणी ओरडत नाही, कुदळ मारत नाही, रेडिओ, टीव्ही बंद. कुत्र्यालासुद्धा हळूच हाकलतात. मातेच्या येण्याच्या दिवशी दार उघडतं आणि गूर, म्हणजे ज्याच्या अंगात माता येते तो, तो लेप खरवडतो. खाली धान्याचा दाणा निघाला तर पीक चांगलं. कोळसा निघाला तर आग. केस निघाला तर माणसांवर संकट. ते कळल्याशिवाय कुणी शेतात पाय ठेवत नाही. म्हणजे माझं दार उघडलं तर गावाचं वर्ष सुरू होतं.

तो माघ यायच्या आधी, शरदात, झाबेरामने माझ्या पायाशी सिमेंट ओतलं.

झाबेराम आमचा कारदार. सरकारी रस्त्यांच्या खात्यातून निवृत्त होऊन आलेला. माणूस वाईट नाही हो. मी तर म्हणेन लाख माणूस. त्याची आई माझ्या अंगणात ओल्या दगडावरून घसरली, तिचं खुब्याचं हाड मोडलं, ती काही उठली नाही. तेव्हापासून याच्या डोक्यात घोळत होतं की मातेच्या दारात कुणाचा पाय घसरता कामा नये. झालं. पोती आली, वाळू आली. अंगणावर गुळगुळीत गच्ची झाली, म्हणजे सिमेंटची एकसंध फरशी, थेट माझ्या उंबऱ्याला भिडवलेली. उरलेला माल चौथऱ्याच्या फटींत भरला, उंदीर शिरतात म्हणून. बायका कौतुक करत होत्या, आता चिखल नाही म्हणून. टिकमीला तेवढं ते रुचलं नाही, कारण अंगण सारवायचं तिचं काम गेलं.

मी त्या दिवशी खूप करकरलो. मजुरांनी थापी खाली ठेवून नमस्कार केला आणि पुन्हा कामाला लागले.

टिकमीची ओळख करून देतो. नवरा कधीच गेला, एकच मुलगी, सेवती. सेवती खिंडीपलीकडे दिलेली. पहिलटकरीण, म्हणून बूढ्या दिवाळीला माहेरी आली. ही आमची दिवाळी, तुमच्यानंतर महिन्याने येते. परत जाणार तोवर बर्फ पडलं आणि खिंड बंद झाली. तरी काळजी नव्हती. बाळ यायचं होतं ते माता परत आल्यानंतर. टिकमीने बोटं मोजून ठेवली होती.

बाळाला कुठलं आलंय मोजमाप? ते आलं भर शांततेच्या दिवसांत. बाहेर दुपारचं बर्फ पडत होतं, गाव असं चिडीचूप की झाडावरचं बर्फ घसरलेलं ऐकू येत होतं. टिकमीने मुलीच्या तोंडात पट्टूचा, लोकरीच्या शालीचा बोळा दिला होता. सेवतीने तो चावला. किती वेळ चावला असेल? मी वरून ऐकत होतो. चुलीचं लाकूड तडतडलं तरी टिकमी दचकायची. अगदी शेवटी एकच किंकाळी निसटली पोरीच्या तोंडून, आणि तिच्यामागोमाग बाळाचं रडणं. मुलगी झाली.

सगळ्या गावाने ऐकलं. आणि सांगतो, कुणी तिला बोल लावला नाही. उलट दुसऱ्या दिवशी झाबेरामच्या घरून तुपाचा डबा आला, बाळंतिणीसाठी. टिकमीने तो दारातच डोक्याला लावला. मला वाटलं, चला, पार पडलं.

इकडे माझं मात्र काही खरं नव्हतं. दरवर्षी बर्फ वितळलं की पाणी चौथऱ्याच्या फटींतून निघून जायचं. आता जाणार कुठून? ते गच्चीच्या खाली साचलं, माझ्या सगळ्यात खालच्या ओंडक्यात मुरलं. ओंडका फुगला. मग थंडी वाढली आणि खालचं पाणी गोठलं. गोठलेलं पाणी किती जोर करतं ते डोंगरातल्या कुठल्याही बाईला विचारा, हंडे फुटतात. त्याने गच्ची उचलली, गच्चीने उंबरा उचलला आणि दार चौकटीत असं आवळलं गेलं की माझाच जीव गुदमरला. मला कळत होतं सगळं. दिवस जवळ येत होता. आणि मी काय करू शकत होतो? ओरडायचं म्हटलं तरी तो आवाज लोकांना मातेचाच वाटणार.

येण्याचा दिवस उजाडला. ऊन पडलं होतं पण त्यात ऊब नव्हती. झाबेरामच्या घरून मातेचा रथ वर आला, त्यातल्या मुखवट्यांवर नवी फुलं, रेशमी कपडे. अंगणात अख्खं गाव. सेवतीही आईच्या मागे उभी, छातीशी पट्टूत गुंडाळलेलं बाळ. झाबेरामने कुलूप काढलं, कडी सरकवली आणि दार ढकललं.

दार हललं नाही.

त्याने हसून पुन्हा ढकललं. मग दोघांनी, मग चौघांनी खांदा लावला. हसू केव्हाच मावळलं होतं. तोडायचं तर मनातही आणता येत नाही, मातेचं दार तोडलेल्या घराचा वंश चालत नाही म्हणतात. सगळ्यांनी मिळून एकदा जोर लावला आणि तेवढ्यात माझ्या खालच्या ओंडक्यातून मोठा आवाज निघाला. दुखलं म्हणून निघाला. सांगत होतो मी, खाली बघा, बाबांनो, पायाशी बघा.

सगळे मागे सरले. आणि लोतराम थरथरायला लागला.

लोतराम आमचा गूर. ढोंगी नाही, हे मी त्याच्या बाजूने सांगतो. साधा, मेंढरं राखणारा माणूस, अंगात आलं की डोक्यावरची टोपी पडते आणि केस मोकळे होतात. त्या दिवशी माता त्याच्या अंगात आली होती की सगळ्या गावाची भीती त्याच्या अंगात आली होती, मला नाही सांगता येणार. माता माझ्यात राहते म्हणून ती मला सगळं सांगते असं थोडंच आहे? मी नुसतं घर.

लोतरामच्या तोंडून शब्द आले, "माझी शांतता जिथे मोडली, ते घर रिकामं करा. तोवर मी आत पाय ठेवणार नाही."

कुणी टिकमीचं नाव घेतलं नाही. नुसत्या माना वळल्या.

टिकमी पुढे आली. रडली नाही. झाबेरामसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "भावोजी, मला घालवा. मी गोठ्यात राहीन, खाली पुलापाशी राहीन. पोरीला एवढे दिवस राहू द्या. खिंड बंद आहे, नदीकाठाने वळसा घालून जायचं तर रस्त्याला बसही नाही. ओली बाळंतीण आहे हो."

झाबेराम खाली बघत होता. स्वतःच्याच गच्चीकडे. मला वाटलं, आता याला दिसेल. उंबऱ्याशी केवढी भेग पडली होती, बोट जाईल एवढी. रस्त्यांच्या खात्यात जन्म काढलेला माणूस, थंडीत रस्ते कसे फुगतात ते त्याने पाहिलेलं. बघ रे बाबा, बघ. पण त्याच्या डोळ्यांत पाणी आलेलं होतं, त्याला काय दिसणार.

"मातेचं आहे, वहिनी," तो म्हणाला. "माझ्या हातात काय आहे?"

तुझ्याच हातात होतं रे. तुझ्याच हाताने थापी ओढून गुळगुळीत केलंस.

सेवती तेवढी एकदा बोलली. आवाज चढवून नाही, तिला तर आता आवाजाचीच भीती बसली होती. म्हणाली, "माता पण बाईच आहे ना? तिला माहीत नाही का कळ कशी असते?"

बायकांनी माना खाली घातल्या. एकीने आपल्या अंगावरचा जाड पट्टू काढून बाळावर घातला, एकीने ओढणीत अक्रोड आणि गूळ बांधून दिला. एवढंच त्यांच्या हातात होतं.

दुसऱ्या दिवशी मायलेकी निघाल्या. टिकमीने घराला कडी लावली, अंगणात येऊन माझ्या दाराला बाहेरूनच डोकं टेकलं. मी ऐकलं, ती माफी मागत होती. मुलीच्या वतीने. मग दोघी बर्फातून नदीकाठच्या वाटेकडे उतरत गेल्या. वळणापर्यंत दिसत होत्या. बाळ रडलं तेव्हा सेवती थांबली, काहीतरी केलं आणि रडणं बंद झालं. मला वाटलं, पाजलं असेल.

दार मात्र तेव्हाही उघडलं नाही. रथ पुन्हा झाबेरामच्या घरी गेला. गाव वाट बघत बसलं, शेतं पडून राहिली. लोक म्हणाले, घर रिकामं झालं पण माता अजून रुसलेली आहे. मीही वाट बघत होतो, उन्हाची.

चैत्र लागला. ऊन तापलं, गच्चीखालचं बर्फ वितळलं, पाणी हळूहळू जिरलं, गच्ची खाली बसली आणि उंबरा मूळ जागी आला. एका सकाळी झाबेरामने नुसता हात लावला तर दार उघडलं. त्याने तिथेच लोटांगण घातलं. ढोल वाजले, नरसिंगे म्हणजे लांब कर्णे वाजले, घंटेची लोकर सोडली. लोतरामने लेप खरवडला आणि खाली काय निघालं? जवाचा दाणा, तोही मोड आलेला. कोवळा कोंभ. असं कुणाच्या आज्याने पाहिलं नव्हतं. गाव आनंदाने वेडं झालं. म्हणाले, बघा, दोष गेला आणि माता प्रसन्न झाली.

अहो, ओल आहे ती. माझ्या पोटात ओल धरली आहे म्हणून दाण्याला कोंभ फुटला. खालचा ओंडका मऊ पडत चाललाय. इतकी वर्षं आत ठणठणीत कोरडं असायचं, म्हणून कधी कोंभ दिसला नाही. माझं दुखणं बाहेर आलं आणि ते लोकांनी कपाळाला लावलं. मी करकरलो, तर पुन्हा सगळ्यांनी हात जोडले.

त्या वर्षी जवसुद्धा चांगला आला, काय बोलणार.

बैसाखीनंतर टिकमी परत आली. एकटीच. तिचं घर तिला मिळालं, पण मातीचा लेप द्यायचा मान गेला, तो आता झाबेरामच्या सुनेकडे. पहिल्याच सकाळी ती सवयीने शेणमातीची बादली घेऊन अंगणात आली. गच्ची बघून उभीच राहिली, बादली हातात धरून. मग ती खाली ठेवून आत आली, वाकून, आणि मातेसमोर बसली.

मला वाटलं होतं ती भांडेल. भांडायला हवं होतं तिने. ती म्हणाली, "चूक झाली, आई. तिला सोसवलं नाही. पण आता तू राग धरू नकोस. नात वाचलीय. थंडी बसली होती छातीत, पण वाचली. तू म्हणशील आवाज करते का, तर नाही करत. सेवती करूच देत नाही. रडायला लागली की तिच्या तोंडावर हात ठेवते. दिवसभर ठेवते, आई."

तर ते वळणावर बाळ गप्प झालं होतं ते असं. मी आपला समजत होतो, पाजलं असेल.

टिकमीने जमिनीला नाक घासलं आणि ती गेली. तिलाही खरंच वाटतं की तिच्या मुलीमुळे झालं. हे मला सगळ्यात जड जातं. बाकी कुणी काही समजो, पण या बाईला तरी कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि माझ्याशिवाय ते कुणाला माहीत नाही.

आता शरद आलाय. झाबेरामने मातेचे उपकार फेडायचं मनावर घेतलंय. अंगणाच्या कोपऱ्यात नवी पोती येऊन पडली आहेत, वर निळं प्लास्टिक घातलेलं. या वेळी मागची बाजूही करणार आणि चौथरा कमरेपर्यंत लिंपून काढणार. त्याचा जीव आहे माझ्यावर. मी थांबवू शकत नाही. येत्या माघात पाणी साचेल, गोठेल, दार पुन्हा अडेल, आणि माना पुन्हा कुणाकडे तरी वळतील. कुणाच्या घरात भांडं पडलेलं असेल, कुणी झोपेत खोकलेलं असेल. गावात कोण ना कोण सापडतंच.

म्हणून सांगतो. तुम्ही कधी इकडे आलात आणि त्या दिवशी माझं दार अडलेलं दिसलं, तर कुणाच्या घराकडे बघू नका. मी करकरेन, तेव्हा हातही जोडू नका. खाली वाका, उंबऱ्याशी बोट घाला, भेग लागेल.

आणि कुणी खिंडीपलीकडे जाणारं असेल, तर सेवतीला एवढा निरोप द्या की देऊळ म्हणालं, पोरीच्या तोंडावरचा हात काढ. तिला रडू दे.